आत कुणी उतरायचं नाही

(युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय, थोडं इकडंतिकडं करून.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढं 'कवी' छापलंय आणि कंसात 'गोदी कामगार'. खरं म्हणजे उलटं छापायला पाहिजे होतं. पोट गोदीवर चालतं. कविता पाळी सुटल्यावर. शिक्षण मॅट्रिक. विषय दिलाय 'साहित्य आणि आजचा तरुण'. माफ करा, आज माझ्याकडं त्या विषयावर बोलण्यासारखं काही नाही. मी गटारावर बोलणार आहे. कुणाला वास येत असेल तर त्यानं बाहेर जाऊन चहा घ्यावा.

आपल्या कवितेत गटार फार वेळा येतं. मीही आणलंय. गटारासारखं आयुष्य, गटारातली माणसं. टाळ्या पडतात. पण आपल्या मोरीतलं पाणी कुठं जातं हे मला सत्ताविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. ते मला आमच्या चाळीतल्या आण्णांनी सांगितलं. आण्णा महापालिकेच्या मलनिःसारण खात्यातून रिटायर झालेले. बोलतात कमी. खोकतात जास्त. आज जे थोडंफार शास्त्र बोलेन ते त्यांचं, शिव्या माझ्या.

मोरीपासून सुरू करतो. मोरीत जाळी, जाळीखाली नहाणी ट्रॅप. ट्रॅप म्हणजे वाकडा तुकडा, त्यात दोन इंच पाणी कायम उभं राहतं. ते दोन इंच पाणी म्हणजे दरवाजा. गटारातला गॅस त्याच्यामुळं घरात येत नाही. कुलूप लावून महिनाभर गावाला गेलात की ते पाणी सुकतं आणि परत आल्यावर घर घाण मारतं. एक तांब्या ओतला की बंद. त्यासाठी प्लंबर लागत नाही.

तिथून पाइप खाली उतरतो, चेंबरला येतो. चार इंची पाइप असेल तर चाळीस फुटाला एक फूट उतार पाहिजे, सहा इंची असेल तर साठ फुटाला एक फूट. पाणी सेकंदाला साधारण दोन फूट पळालं तर मैला वाहून नेतं. त्याहून हळू चाललं तर गाळ बसतो. इंग्रजाच्या काळातली मोठी गटारं विटांची, अंड्याच्या आकाराची आहेत, टोक खाली. पाणी थोडं असलं तरी खालच्या निमुळत्या भागात त्याला वेग राहतो आणि गटार आपलं आपण धुतं. बांधणारांना अक्कल होती. गटार मुळात असं बांधतात की त्यात माणूस उतरायची गरज पडू नये.

मग तुंबतं का? आपण तुंबवतो. खानावळीचं तेल-तूप गरम असताना ओतलं तर पुढं थंड होऊन पाइपाला चिकटतं, त्याचा दगड होतो. त्यात केस अडकतात, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या, पॅड, नारळाची शेंडी. नंतर राखेनं घासलेल्या भांड्याचा गाळ, बांधकामाचं सिमेंट. वर घरमालकानं चार खोल्यांच्या पाइपावर दहा खोल्या जोडलेल्या. चेंबर भरतं. मग सोसायटीचा सेक्रेटरी फोन करतो. कुणाला करतो ते नंतर सांगतो.

आधी इतिहास. १८६० साली विहार तलावाचं पाणी नळानं मुंबईत आलं. पाणी आलं म्हणजे सांडपाणी आलं, ते न्यायला गटारं आली. पण मैला बरीच वर्षं माणसंच उचलत होती. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' असा चक्क एक कर होता. घरवाल्यानं कर भरायचा, हलालखोरानं मैला उचलायचा. म्हणजे आमची अवलाद कायद्याच्या पुस्तकात छापलेली! जुन्या चाळी पाहा. दोन इमारतींच्या मधे दोन हात रुंदीचा बोळ असतो, हाऊसगल्ली. पुढचा जिना राहणाऱ्यांचा, मागचा बोळ मैलेवाल्याचा. मनुस्मृती तिथं विटा-चुन्यात बांधलेली आहे, वाचायला संस्कृत लागत नाही.

आज मुंबईत पावसाचं पाणी नाल्यातून जातं आणि मैलापाणी वेगळ्या वाहिनीतून. वरळीचं लव्हग्रोव्ह, वांद्रे, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा अशी केंद्रं आहेत. वरळी आणि वांद्र्याला समुद्राखालून तीन किलोमीटरच्या वर लांब बोगदे नेलेत. पंप आहेत, जेटिंगच्या गाड्या आहेत, सक्शनच्या गाड्या आहेत. हे मी महापालिकेची आरती ओवाळायला सांगत नाही. हे सांगतो कारण ज्याच्याकडं समुद्राखाली बोगदा खणायची अक्कल आणि पैसा आहे, त्याच्याकडं एका चेंबरमध्ये माणूस उतरवायला कारण उरत नाही.

आता गॅस. हे नीट ऐका, कविता विसरलात तरी चालेल.

मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास. लोक म्हणतात, वास येतो म्हणजे गॅस आहे, वास गेला म्हणजे गॅस गेला. चूक! दहा लाख भाग हवेत हा गॅस शंभर भाग झाला की नाकच मरतं. वास येईनासा होतो, गॅस मात्र वाढत असतो. सातशे-हजार भागांवर एकदोन श्वासांत माणूस आडवा. हा गॅस हवेपेक्षा जड, खड्ड्यात खाली बसून राहतो. दुसरा मिथेन, तो पेटतो. म्हणून काडी ओढून आत टाकणं हा बावळटपणा आहे, भडका होईल, आणि काडी जळत राहिली म्हणून पहिला गॅस नाही असं काही सिद्ध होत नाही. काही जण झाकण उघडून झुरळ बाहेर येतंय का बघतात. झुरळ जगलं म्हणजे माणूस जगेल असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाळात गॅस कोंडलेला असतो. झाकण तासभर उघडं ठेवलं, वरची हवा ठीक झाली, माणूस उतरला, आणि त्यानं गाळात फावडं मारलं की कोंडलेला गॅस एकदम सुटतो. आण्णा म्हणतात, "पोरा, टाकी वरून झोपलेली दिसते. तू तिला हलवलीस की ती उठते."

'कोर्ट' नावाचा मराठी सिनेमा २०१४ साली आला. तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. गटारात उतरणारा एक कामगार मरतो आणि पोलीस एका म्हाताऱ्या शाहिराला धरतात, की तुझ्या गाण्यामुळं त्यानं जीव दिला. गाणं म्हणणारा आरोपी, उतरवणारा मोकळा. लोक थिएटरात हसत होते. मीही हसलो. मग माझ्यावर वेळ आली.

गोदीत आता पूर्वीसारखं काम नाही. १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं आणि कंटेनर तिकडं गेले. आमच्यासारख्यांना महिन्यात कधी वीस दिवस हजेरी, कधी आठ. उरलेले दिवस नाका. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी एका ठेकेदारानं नाक्यावरून आम्हा दोघांना उचललं. मी आणि माझा दोस्त. नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे. तो मातंग समाजातला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, लग्न होऊन वर्ष झालेलं. उपनगरातली एक सोसायटी. तिथं महापालिकेची लाइन पोचलेली नाही, सेप्टिक टँक आहे. ती दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. ती किती वर्षं उपसली नव्हती ते कुणालाच सांगता येईना. सक्शन गाडी आत येत नाही म्हणाले, गेट अरुंद आहे. माणशी आठशे रुपये.

आता गोदीतलं सांगतो. जहाजाच्या होल्डमध्ये भंगार लोखंड असलं, कोळसा असला, ओले ओंडके असले की ते बंद होल्डमधला प्राणवायू खाऊन टाकतात. हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो, साडेएकोणीसच्या खाली गेला की धोका. म्हणून नियम आहे. आधी हॅच उघडा, हवा खेळवा, मीटर लावा, मग माणूस उतरवा. गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी २०२५ पर्यंत १९८६ चा वेगळा कायदा होता. तो नेहमी पाळायचे असं मी म्हणत नाही. पण भांडायला कागद होता, आणि आम्ही भांडायचो. म्हणून मी त्या टाकीशी उभा राहिलो आणि म्हणालो, मी उतरणार नाही.

दोस्त म्हणाला, "तू दोर धर, मी जातो. मला घरी पैसे द्यायचेत."

मी त्याला अडवायला पाहिजे होतं. मी अडवलं नाही. आठशे रुपये मलाही पाहिजे होते.

दोर मात्र मी बांधला, आण्णांनी सांगितलं होतं तसा. कमरेला नाही, काखेखालून छातीला, माल उचलायला बांधतो तशी पक्की गाठ. ठेकेदार हसला. म्हणाला, "काय रे, जहाज उतरवतोस काय?" पाच-सहा बादल्या ठीक निघाल्या. मग त्यानं खाली घमेलं खुपसलं आणि त्याच पायावर बसला. हाक नाही, काही नाही. दिवा विझावा तसा बसला. माझा एक पाय आत गेला होता. तेव्हा आण्णांचं वाक्य आठवलं. ते दर दिवाळीला दारू प्यायल्यावर हेच सांगतात, "वाचवायला उतरतो तो आधी मरतो. एकाच्या मागं दुसरा, दुसऱ्याच्या मागं तिसरा. एका गटारातनं तीन मुडदे मी काढलेत. दोघं तिसऱ्याला वाचवायला गेलेले." मी पाय बाहेर घेतला आणि दोर ओढला. वॉचमन धावत आला. आम्ही दोघांनी ओढून त्याला वर काढला.

तो जगला.

मित्रांनो, इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. इथं सुरू होते. आज तो दुसऱ्या मजल्यावर चढू शकत नाही. हात थरथरतात. बायकोचं नाव कधीकधी आठवत नाही, मग तो तिच्याकडं बघून हसतो, आणि तीही हसते. दवाखान्यातल्या कागदावर लिहिलंय, 'पाय घसरून पडला'. मेला असता तर आकड्यात आला असता. जगला, म्हणून कुठंच नाही.

तो कागद लिहिला तेव्हा मी तिथं उभा होतो. मला विचारलं, असंच झालं ना? ठेकेदार माझ्या शेजारी उभा होता. मी मान हलवली. सही केली. माझी सही चांगली आहे, कवीची सही आहे. संध्याकाळी त्यानं मला आठशेच्या जागी दोन हजार दिले. मी घेतले.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता कायदा सांगतो, म्हणजे मी कशावर सही केली ते कळेल.

१९९३ साली एक कायदा झाला, कोरड्या संडासाच्या सफाईविरुद्ध. २०१३ साली दुसरा झाला. त्याच्या सातव्या कलमात स्पष्ट आहे, की गटाराच्या आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कुणीही, महापालिका असो की खाजगी माणूस, कुणालाही कामाला लावायचं नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पळवाट पण त्यातच आहे. साधनं दिली, नियम पाळले, तर 'धोकादायक' नाही. म्हणून फोटोपुरते गमबूट येतात आणि फोटोनंतर परत जातात. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला तेच तीस लाख केले, आणि कायमचं अपंगत्व आलं तर कमीत कमी वीस लाख सांगितले. २९ जानेवारी २०२५ ला मुंबईसह सहा महानगरांत हातानं गटारसफाई बंद करा म्हणून हुकूम दिला. म्हणजे माझ्या दोस्ताचा हक्क कोर्टाच्या कागदावर लिहिलेला आहे, आणि माझ्या सहीनं तो खोडला गेला.

सरकारनं स्वतः २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंची तपासणी करून घेतली. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचं एकही साधन नव्हतं. आणि ३८ जणांना कुणीतरी व्यक्तिशः बोलावून कामाला लावलं होतं. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. सरकारच्या पगारावरचे फक्त पाच. म्हणजे मरण आता महापालिकेच्या मोठ्या गटारापेक्षा आपल्या कंपाउंडच्या आत जास्त आहे. रस्त्यावरची लाइन महापालिकेची, तिथं कधी ना कधी गाडी येते. कंपाउंडच्या आतला पाइप, चेंबर, टाकी मालकाची किंवा सोसायटीची. तिथं नाक्यावरचा माणूस येतो. सेक्रेटरी फोन करतो तो याला.

२०१७ च्या २९ ऑगस्टला मुंबई बुडाली. त्या दिवशी एक मोठे डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. सारं शहर हळहळलं, ते बरोबरच होतं, मीही हळहळलो. पुढं मॅनहोलच्या झाकणाखाली जाळ्या बसवायची मोहीम निघाली, कोर्टात अर्ज गेले. चुकून पडणारा माणूस शहराला दिसला. रोज मुद्दाम उतरवला जाणारा माणूस दिसत नाही. त्याच्यासाठी जाळी कोण बसवणार?

आता माझं सगळ्यात कडू बोलणं. त्या सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. हार ताजा होता. सेक्रेटरी आपलाच माणूस. बँकेत आहे, शिकलेला आहे, जयंतीला वर्गणी देतो. मला म्हणाला, "दादा, आम्ही ठेकेदाराला पैसे दिले. पुढं त्यानं काय केलं आम्हाला काय माहीत?" हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो. त्या दिवशी फोटोखाली ऐकलं.

आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. बाबासाहेबांनी सांगितलं, सोडलं. अभिमान आहे. पण काम सोडलं म्हणून काम संपलं नाही. ते रुखीकडं गेलं, मेघवाळाकडं, वाल्मीकीकडं, मातंगाकडं, आता मराठवाड्यातून दुष्काळात आलेल्या कुणाहीकडं. आणि आम्ही वरच्या मजल्यावरून फ्लश ओढतो आणि खाली भाषण करतो. प्रस्थापितांना शिव्या द्यायला मला आवडतं. पण फ्लॅट घेतला की आपणही कुणाच्या तरी डोक्यावर प्रस्थापित होतो, हे कुणी बोलायचं?

महापालिकेतल्या सफाई कामगाराचंही बघा. लाड-पागे समितीच्या शिफारशीनं वारसाला नोकरी मिळते. चांगली गोष्ट, रोजगार आहे. पण खोली महापालिकेची. बाप गेला की पोरानं बापाचंच काम घ्यायचं, नाहीतर खोली सोडायची. बी.ए. झालेली पोरं खोलीसाठी झाडू धरतात. हा वारसा की साखळी? साहेबाचा मुलगा वारसानं साहेब होत नाही, मग यांनाच वारसा कशाला? नोकरी द्या, पण दुसरी द्या.

मग करायचं काय? मोर्चा काढू, तो आपल्याला येतो. पण उद्या सकाळी करायची कामं वेगळी आहेत.

आपापल्या इमारतीत जा. चेंबर कुठं आहेत, टाकी आहे की लाइन, शेवटचं कधी साफ केलं, हे विचारा. सेक्रेटरीला माहीत नसेल तर वहीत लिहून काढा. मोरीच्या जाळ्या शाबूत ठेवा. तेल, पॅड, चिंध्या पाइपात जाऊ देऊ नका, बायकांना नाही, पुरुषांना सांगा. वरचा व्हेंट पाइप कुणी बुजवला असेल तर मोकळा करा, गॅसला बाहेर पडायला तीच वाट आहे. तुंबलं तर तार आणि कामट्या वरून चालतात, जेटिंगचा पाइप लांब असतो, गाडी गेटबाहेर उभी राहूनही काम होतं. आमच्या सोसायटीला सांगितलं होतं गेट अरुंद आहे. नंतर मी पावलांनी मोजलं. गेटपासून टाकी चाळीस पावलं. केरळात २०१८ पासून 'बँडिकूट' नावाचं यंत्र मॅनहोलमध्ये उतरतंय. यंत्र उतरू शकतं. दुष्काळ फक्त इच्छेचा आहे.

आणि पुढच्या मीटिंगमध्ये ठराव मांडा, मिनिट्सबुकात लिहून घ्या: आपल्या आवारात कुठल्याही चेंबरमध्ये, टाकीत, आत कुणी उतरायचं नाही. ठेकेदाराच्या करारात तेच वाक्य घाला. यंत्राला पैसे जास्त लागतील. लागू देत. माणशी वर्षाला किती येतात हिशेब करा, लाज वाटेल इतके थोडे येतात. आणि आपल्यातलं जे कुणी नाक्यावर उभं राहतं त्यानं 'नाही' म्हणावं, आणि शेजारच्यालाही उतरू देऊ नये. मी पहिलं केलं, दुसरं केलं नाही.

अध्यक्षांनी शेवटी कविता वाचायला सांगितलंय. या विषयावर मी कविता लिहिलेली नाही. एक वकीलताई भेटल्यात, त्यांच्या मदतीनं गेल्या आठवड्यात मी पोलिसांत नवीन जबाब दिला. तो कळल्यापासून ठेकेदाराच्या भावानं गोदीच्या गेटवर माझी हजेरी बंद पाडली आहे, आज आठवा दिवस. आण्णा म्हणतात, "बरं झालं, दोर अजून तुझ्या हातात आहे." तर कवितेऐवजी जबाबच वाचतो. छोटा आहे.

"माझा साथीदार पाय घसरून पडला नाही. त्याला पैसे देऊन टाकीत उतरवला. मीटर नव्हता, मास्क नव्हता, हवा नव्हती. गाळ हलल्यावर तो गॅसनं बेशुद्ध पडला. मी हे डोळ्यांनी पाहिलं. आधीचा जबाब मी भीतीनं आणि पैशासाठी दिला होता, तो खोटा आहे. मिळालेले दोन हजार रुपये मी त्याच्या बायकोला दिले आहेत. कोर्टात बोलावलं तर मी येईन."

खाली सही केली आहे. या वेळी वाचून केली.

जय भीम.